कसेल तिची काच

प्रति,
श्रीमती बुरशीबाई,
मुक्काम : पुढून तिसरी काच, डावं अंग,
दीडशे-सहाशेची झूम लेन्स,
कपाटाचा खालचा कप्पा, पुणे.

सा. न. वि. वि.

आपण आमच्याकडे राहायला आलात आणि आम्ही साधं चहालासुद्धा विचारलं नाही, याबद्दल आधी दिलगिरी. आपलं आगमन जुलैअखेरीस झालं असावं. मला कळलं ते थेट खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडतात. विळी, मिक्सर, आईचं शिलाई मशीन, स्कूटर जिना चढत नाही म्हणून तिची किल्ली, आणि गेली चार वर्षं माझा कॅमेरा नि ही लेन्स. कुंकवाचं बोट टेकवायचं म्हणून मी लेन्सची दोन्ही झाकणं काढली आणि नळी आडवी ठेवली. मागे निरांजन तेवत होतं. नळीतून ज्योत कशी दिसते बघू म्हणून कौतुकानं डोळा लावला, तर ज्योतीच्या कडेला पांढरट जाळी. आधी वाटलं, वातीच्या कापसाचा तंतू उडून बसलाय. फुंकर मारली, फडकं फिरवलं. तंतू जागचा हलेना, कारण तो आत होता. एका ठिपक्यापासून निघून चहूकडे गेलेले केसाहून बारीक धागे, प्रत्येक धाग्याला फाटे, फाट्यांना आणखी फाटे. रांगोळीत इतकी बारीक रेघ आमच्या घरात आजवर कोणाला काढता आलेली नाही, असं मी मोठ्यानं म्हणालो. ज्यांनी दारातली रांगोळी काढली होती त्या शेजारीच उभ्या होत्या. असो.

सांगायचा मुद्दा, त्या दिवशी झेंडूचं फूल वाहिलं गेलं ते आपल्यालाच.

नंतर आपल्या घराण्याची थोडी चौकशी केली. घराणं मोठं निघालं. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात ऑस्ट्रेलियन सैन्याच्या दुर्बिणी आणि नेम धरायची भिंगं आपल्याच भाऊबंदांनी आंधळी केली होती. समोर शत्रू आणि दुर्बिणीत जाळी. शेवटी मेलबर्न विद्यापीठातल्या बुरशीतज्ज्ञ एथेल मॅकलेनन आणि त्यांचे सहकारी यांना या कामाला जुंपावं लागलं. मर्थायोलेट नावाचं पाऱ्याचं एक संयुग उपकरणाच्या आत लावलं तर आपल्या मंडळींची वाढ थांबते, हे त्यांनी शोधून काढलं. पलटणींना ज्यांनी जेरीस आणलं, त्या घराण्यातल्या बाई एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याच्या कपाटात मुक्कामाला आल्या. आमच्या सोसायटीत इतका मोठा पाहुणा आजवर कोणाकडे उतरलेला नाही.

आणि अपेक्षा किती साध्या! आपलं बी हवेत असतंच, ते माझ्या लेन्समध्येही पहिल्या दिवसापासून असणार. ते रुजायला हवेतला दमटपणा साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर आठवडे-पंधरवडे टिकला की झालं. वर अंधार, कोंदट जागा, खायला चिमूटभर धूळ किंवा बोटाचा तेलकट ठसा. ना नळाला पाणी हवं ना पार्किंग. फक्त राहता राहता आपण आम्ल सोडता आणि काचेवरचा लेपाचा थर खात जाता, एवढीच काय ती खोड. आम्ही भाड्याच्या खोलीत खिळा ठोकला तरी मालक डिपॉझिट कापायचा.

आता ही लेन्स आमच्या घरी कशी आली ते ऐका, कारण आपल्या आगमनाची खरी तयारी तिथूनच सुरू होते.

ती घ्यायला मला तीन वर्षं लागली. आमचं लग्न दोन भेटींत ठरलं होतं. तीन वर्षं मी वाचत होतो, तुलना करत होतो, रात्री जेवण झाल्यावर आकडे लिहून काढत होतो. चारशे मिलिमीटर पुरेल का सहाशे हवं, क्रॉप सेन्सर का फुल फ्रेम, आणि सगळ्यात जास्त रात्री खाल्लेला प्रश्न, एफ ६.३ चालेल का? आमच्या पक्षीमित्रांत एक डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे सहाशेची एफ ४ आहे. किंमत दहा लाखांच्या वर. तिला ते तान्ह्या बाळासारखं मांडीवर घेऊन बसतात आणि कोणी नुसतं बघायला मागितली तरी आधी हात धुवायला लावतात. जानेवारीत भिगवणला रोहित पक्षी टिपताना लख्ख उन्हात त्यांच्या नि माझ्या फोटोत डावं-उजवं करणं अवघड आहे, हे मी त्यांच्या तोंडावर सांगू शकतो. पण पावसाळ्यात, झाडीतल्या ओढ्यावर, भरदुपारी दिवेलागणीसारखा अंधार असतो तेव्हा एफ ४ मधून एफ ६.३ च्या जवळजवळ अडीचपट उजेड आत येतो. मला जिथे सेकंदाच्या तिसाव्या भागावर शटर टेकावं लागतं, तिथे डॉक्टर पंच्याहत्तराव्यावर मान डोलवत बसतात. हा अडीचपट उजेड विकत घ्यायला साधारण दहापट पैसे लागतात. मी ते गणित केलं, सोडून दिलं आणि एफ ६.३ घेतली. त्या निर्णयाबद्दल मला आजही खंत नाही.

खंत दुसऱ्या निर्णयाची आहे, जो मी पाच मिनिटांत घेतला. झूम लेन्सच्या दोन जाती असतात. एकीत झूम फिरवलं की नळी पुढे लांब होते. दुसरीत बाहेरून काही हलत नाही, भिंगं आतल्या आत सरकतात. दुसरी जात महाग, अंगानं लांब आणि माझ्या पिशवीत मावत नव्हती. पिशवी नवी होती. त्या बाराशे रुपयांच्या पिशवीत बसावी म्हणून मी लाखाच्या घरातली पुढे सरकणारी लेन्स घेतली. नळी पुढे गेली की आतली जागा वाढते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. मागे घेतली की बाहेर टाकली जाते. आमच्या आजोळी लोहाराचा भाता असाच चालायचा. फरक एवढाच की भात्यानं विस्तव फुलायचा.

दुकानदार तर म्हणाला होता, “वेदर सील्ड आहे साहेब, पावसात बिनधास्त न्या.” घरी येऊन कागद वाचले. एका पानावर धूळ नि शिंतोड्यांपासून संरक्षण. वॉरंटीच्या पानावर, आपल्या धाग्यांइतक्याच बारीक अक्षरांत, पाण्यानं झालेलं नुकसान भरून मिळणार नाही. संरक्षण आहे, पण विसंबून राहू नये. पुढे कळलं की माझ्या लेन्समधलं सील म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या कड्याभोवती बसवलेलं एक रबरी वळं. डब्याच्या झाकणाला असतं तसं. बाकी नळी देवाच्या भरवशावर.

या संरक्षणाला खरं तर आकड्यांचं माप आहे, पण कॅमेरेवाले ते सहसा छापत नाहीत. ओएम सिस्टीमनं २०२२ साली आलेल्या ओएम-१ ला आयपी ५३ असा आकडा दिला, हे धाडसच. त्यातला ५ धुळीचा, ३ पाण्याचा. ३ म्हणजे उभ्या रेषेपासून साठ अंशांपर्यंत तिरका येणारा फवारा सहन होतो. हे चिपळूणच्या पावसाला कोणीतरी समजावून सांगायला हवं. तिथे पाऊस वरून पडतो, दोन्ही बाजूंनी येतो, आणि पुलाच्या मोरीत आडोशाला बसलं तर दगडावर आपटून खालूनही उडतो. कोनमापक घेऊन बसायला जागा नसते.

मग तुम्ही विचाराल, अशा पावसात जायचंच कशाला? तर तिबोटी खंड्यासाठी. पायाला तीनच बोटं म्हणून तिबोटी. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत पाच-साडेपाच इंच, वजन पंधरा-वीस ग्रॅम. पोट आंब्याच्या रसाच्या रंगाचं, पाठ निळी-जांभळी, चोच पोवळ्याची. माझी लेन्स दोन किलोची. म्हणजे एका तिबोटीचा फोटो काढायला मी शंभर तिबोटींच्या वजनाचं धूड खांद्यावर घेऊन फिरतो. हे महाशय जूनच्या पावसाबरोबर कोकणात उतरतात, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ कोरतात, पिलांना खेकडी नि सापसुरळ्या भरवतात, आणि पाऊस ओसरला की चालू लागतात. ज्या चार महिन्यांत कॅमेरा घरात गुंडाळून ठेवावा असं कंपनी, वॉरंटी आणि बायको एकमुखानं सांगतात, नेमक्या त्याच चार महिन्यांत हा पक्षी इथे असतो. नवरंगाचंही तेच, चातकाचंही तेच. पावशा तर ‘पेरते व्हा’ म्हणून हाका मारत असतो आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसत्या पावसाच्या रेघा येतात.

घरट्यासमोर आडोसा बांधून तासांच्या हिशेबानं फोटो काढायची सोयही हल्ली मिळते. मी एकदा गेलो होतो. सहा जण, सहा लेन्सा, एका दरडीपुढे. नर चोचीत सापसुरळी धरून फांदीवर येऊन बसला. बिळाकडे बघे, आमच्याकडे बघे. सापसुरळीची शेपटी हलायची थांबली तरी तो बिळात शिरेना, आणि सहाच्या सहा शटर मशिनगनसारखी वाजत होती. मी उठून आलो. फार मोठेपणा घेत नाही, कारण उठायच्या आधी दीड तास त्यांतलं एक शटर माझंही वाजत होतं. त्यानंतर मात्र घरट्याकडे फिरकलो नाही. पक्षी जिथे आपण होऊन येईल तिथे बसायचं ठरवलं.

ती जागा म्हणजे चिपळूणजवळच्या एका गावच्या रस्त्याखालची मोरी. जुलैचा तिसरा आठवडा. लॉजवरून गाडीत एसी लावून गेलो, कारण काचा धुरकटत होत्या. मोरीपाशी उतरलो, पिशवी उघडली, आणि थंडगार लेन्सवर बाहेरची ओली हवा अशी बसली की पुढची काच ताकासारखी पांढरी. पुसावी तर पुन्हा पांढरी. लेन्स बाहेरच्या हवेइतकी कोमट होईपर्यंत वीस मिनिटं थांबण्यावाचून इलाज नसतो. त्या वीस मिनिटांत तिबोटी आला. माझ्यापासून चार हातांवर, पाण्यावर वाकलेल्या काडीवर बसला, मान खाली-वर करत राहिला, दोनदा पाण्यात बुडी मारून अंघोळ केली, पंख पसरून झटकले आणि गेला. तो मी डोळ्यांनी पाहिला. डोळ्यांना धुकं धरत नाही.

मग तीन तास वाट. माझी पावसाळी सामग्री अशी होती. लेन्सवर जुन्या रेनकोटची कापलेली बाही, कॅमेऱ्यावर न्हाणीघरातली शॉवर कॅप, दोहोंना बांधायला दुधाच्या पिशव्यांचे रबर. लेन्स टेकवायला तांदूळ भरलेली कापडी पिशवी. दुकानातल्या बीनबॅगचे हजार रुपये वाचवल्याबद्दल मी स्वतःवर खूश होतो. दहाच्या सुमारास लावणीला निघालेली एक बाई बांधावरून गेली. डोक्यावर इरलं. आता इरल्यावर पानांऐवजी निळं प्लास्टिक असतं, पण आकार तोच, पाठीवरून खाली उतरणारा, वाकून काम करताना पाणी घसरून जाईल असा. माझ्याकडे बघून थांबली. मी छत्री स्वतःच्या डोक्यावरून काढून लेन्सवर धरली होती आणि खांद्यावरचा टॉवेलही तिच्यावरच पांघरला होता.

“पोर हाय का आत?” तिनं विचारलं.

मी नाही म्हटलं. कॅमेरा आहे म्हटलं.

“मग ठीक हाय,” म्हणाली आणि गेली. माझ्या मते चालत्या पावसात दोन्ही हात मोकळे ठेवून कोरडं राहायची युक्ती त्या आसमंतात फक्त तिच्याकडे होती.

अकराला तो परत आला. मी फोकस लावला, तो मोरीच्या कडेवरून गळणाऱ्या पागोळीवर बसला. पुन्हा लावला, दुसऱ्या पागोळीवर. या यंत्रांना जवळची चकाकणारी वस्तू आवडते. पक्षी मागे राहतो. शेवटी फोकसचा एकच बिंदू ठेवून, झूम मागे घेऊन पक्षी शोधायचा, पुढे नेऊन टिपायचा, पुन्हा मागे, पुन्हा पुढे, असं चाललं. आयएसओ ६४००, शटर एक-तीसांश. त्या शटरला पावसाचे थेंब छान रेघांसारखे उमटतात, आणि तिबोटीची मानही रेघेसारखीच उमटते, कारण हा पक्षी बसल्या जागी मान झटकायचं थांबत नाही. पंचेचाळीस फोटो काढले. दोनांत डोळा धारदार आला. दोन म्हणजे माझ्या हिशेबानं चांगला दिवस.

आणि दिवसभरात झूम दोनशेदा तरी पुढे-मागे झालं असेल. दोनशे वेळा भाता हलला. आषाढातली, ओढ्यावरची, चिंब हवा मी स्वतःच्या हातानं आत भरत होतो. बुरशीबाई, मी आपल्याला दोष देत होतो, पण सामान तर मीच उतरवून घेतलं.

(तांदळाची पिशवी भिजली होती हे घाट चढताना कळलं. गाडीत इडलीच्या पिठाचा वास सुटला. ‘फोटो मिळाला का?’ हे घरी कोणी विचारलं नाही. ‘काय आंबलंय?’ एवढंच विचारलं.)

पुण्यात पोचायला रात्रीचे बारा वाजले. लेन्स पंच्यानं बाहेरून पुसली, ओलसर फोम असलेल्या त्याच पिशवीत ठेवली, चेन लावली आणि पिशवी कपाटाच्या खालच्या कप्प्यात. म्हटलं, उद्या बघू. पावसाची झड होती, उद्याही ऊन नव्हतं. मग श्रावण आला, नागपंचमी आली. मग गणपती. मखराचा खोका ठेवायला जागा हवी म्हणून तो त्याच कप्प्यात पिशवीच्या पुढ्यात सरकवला. तो ‘उद्या’ खंडेनवमीला उगवला.

आपल्या तैनातीला मी आत काय ठेवलं होतं माहीत आहे का? सिलिका जेलची एक पुडी. बुटांच्या खोक्यातली, तीन वर्षांपूर्वीची. ती पुडी पाणी शोषून शोषून कधीच तृप्त झाली होती. तिला आता पाणी प्यायची इच्छाच उरली नव्हती, पण मी तिला पहारेकरी नेमलं होतं. रबरी वळ्यानंही कर्तव्य बजावलं. बाहेरचं पाणी आत येऊ दिलं की नाही देव जाणे, पण आतला दमटपणा बाहेर पडायला त्यानं नक्कीच मदत केली नाही.

दमटपणा मोजून ठेवणारं छोटं कपाट मिळतं. आत चाळीस-पंचेचाळीस टक्के राखतं, खूपच कोरडं होऊ देत नाही, कारण आतलं रबर नि वंगण सुकूनही चालत नाही. मी चौकशी केली तेव्हा आठ-नऊ हजार सांगितले होते. लेन्सवर लाख खर्च करणारा मी त्या दिवशी दुकानात काय म्हणालो असेन? ‘कशाला उगाच उधळपट्टी.’ ज्या घरात चैत्रात केलेले पापड दिवाळीपर्यंत कुरकुरीत राहतात, त्या घरातला मी. आमची आई पावसाळ्यात पापडाच्या डब्याला हात लावायच्या आधी हात कोरडे आहेत का ते दोनदा बघायला लावायची. झाकणाखाली कागद, कागदावर पुन्हा फडकं. उघडा डबा कोणी विसरला तर घरात दिवसभर कोणी कोणाशी बोलत नसे. ती विद्या माझ्या डोळ्यांदेखत चाळीस वर्षं चालू होती. मी मात्र तीन वर्षं सहाशे मिलिमीटर का चारशे, यातच.

खरं तर पक्षी कळायला लेन्स लागतेच असं नाही. पक्षीतज्ज्ञ सलीम अली १९३० मध्ये किहीमला राहून सुगरण पक्ष्यांची घरटी रोज न्याहाळत होते, वहीत टिपत होते. एक नर एकामागून एक घरटी विणतो आणि एकाहून अधिक माद्यांशी संसार थाटतो, हे त्यांना तिथे बसून कळलं. वहीला बुरशी लागली तर वही उन्हात टाकता येते. हे मी डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, “तुझा पक्षी तरी धड ओळखू येतो का त्या फोटोत?” एफ ४ वाले लोक असं बोलतात.

खंडेनवमीनंतर दुरुस्तीवाल्याकडे गेलो. पेठेतला जुना माणूस. त्यानं बारीक टॉर्च तिरका धरला, डोळ्याला भिंग लावलं, आणि डॉक्टर क्ष-किरणाचा फोटो बघताना करतात तसा ‘हं’ असा आवाज काढला. आपला नेमका पत्ता त्यानंच काढून दिला. म्हणाला, “साफ होईल. पण लेप खाल्लाय तिनं. ठसा राहणार.” मी विचारलं, फोटोत दिसेल का? “उजेड पाठीमागून असेल तर कळणारही नाही. उजेडाकडे तोंड केलंत की धुकं.” आणि कामाचे अकरा हजार. म्हणजे त्या कपाटापेक्षा जास्त. हा आकडा मी घरी सांगितलेला नाही. हे पत्र खुलं आहे याचं भान मला आहे.

लेन्स उघडायला देण्याआधी शेवटचं म्हणून खिडकीतून समोरच्या शेवग्यावरच्या बुलबुलाचा फोटो काढला. उन्हं त्याच्या मागून येत होती. फोटोत बुलबुलाभोवती दुधी वलय, पानं विरघळल्यासारखी, सगळीकडे एक मऊ झळाळी. गंमत म्हणून पक्षीमित्रांना पाठवला. इतकं कौतुक तिबोटीच्या त्या दोन धारदार फोटोंनाही लाभलं नव्हतं. ‘स्वप्नातल्यासारखा’ काय, ‘जलरंग’ काय. डॉक्टरांनी एकट्यानं फोन केला. आवाज खाली आणून विचारलं, “फिल्टर कोणता रे?” मी म्हटलं, देशी आहे, घरीच तयार होतो, पण दोन-अडीच महिने लागतात.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की आपल्याला मी बेकायदा भाडेकरू समजतोय, ते चूक असावं. आमच्या आजोबांची गुहागरकडे थोडी भातशेती होती. आजोबा मुंबईत, शेत कुळाकडे. वर्षातून एकदा जायचे, बांधावर उभं राहून ‘आपलं’ म्हणायचे आणि तांदळाची दोन पोती घेऊन परतायचे. १९५७ साली १ एप्रिलला कूळ कायद्यानं कसणारा मालक झाला. आजोबा मरेपर्यंत त्या तारखेला जेवत नसत. मला लहानपणी वाटायचं, केवढा अन्याय झाला आमच्यावर. आता माझ्या लेन्सकडे बघतो. अडीच महिने मी तिला हात लावला नाही, वारा दिला नाही, ऊन दिलं नाही, बांधावरसुद्धा फिरकलो नाही. आपण मात्र रोज राबलात. अंधारात, एकट्यानं, इंच इंच. कसेल तिची काच. पुढून तिसऱ्या काचेच्या सातबाऱ्यावर आपलं नाव लागलं आहे आणि दुरुस्तीवाला म्हणतो त्याप्रमाणे ते पुसलं गेलं तरी खाडाखोड दिसतच राहणार.

तरीही नोटीस देणं भाग आहे. उद्या सकाळी अकरा वाजता आपल्याला जागा रिकामी करावी लागेल. पर्यायी निवासाची सोय नाही. डॉक्टरांचा पत्ता द्यायचा मोह झाला होता. त्यांची लेन्स मोठी आहे, काचाही जास्त, आपल्या लेकीसुनांसकट राहाल. पण तिथे कपाट आहे, त्यात दमटपणाचा काटा आहे, आणि आत हात घालण्याआधी ते हात धुवायला लावतात.

कळावे,
आपला माजी जमीनमालक

ता. क. (लेन्स परत आल्यावर) : ते आठ-नऊ हजारांचं कपाट अजूनही घेतलेलं नाही. हवाबंद झाकणाचा मोठा डबा आणलाय, त्यात अर्धा किलो नवं सिलिका जेल, ताजं निळं, आणि दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक. जेल गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर भाजायचं. ती कढई आता स्वयंपाकाला चालणार नाही, हे मला लेखी कळवण्यात आलं आहे. दुरुस्त होऊन आलेली लेन्स त्या डब्यात ठेवली. काटा ४४ वर स्थिर. तो आकडा बायकोनंही चष्मा लावून वाचला आणि काही न बोलता आत गेली. आज झाकण उघडलं तर लेन्सच्या हुडमध्ये पोह्यांच्या पापडांची चवड. मापात बसली आहे. हिंगाचा वास फक्त जरा जास्त येतोय.